त्वरित उत्तरांतील साम्य आणि इतिहासाचा पुरावा : वऱ्हाडातील वयोनोंदींच्या अनुषंगाने

एक ते दहा यांमधील कोणताही एक आकडा क्षणाचाही विचार न करता सांगा, असे म्हटले असता इतर कोणत्याही आकड्यापेक्षा ‘सात’ हे उत्तर अधिक वेळा येते. बाजारात किंवा जत्रेत करमणूक करणारा हुशार मनुष्य हे जाणून असतो. तो अगोदरच चिठ्ठीवर सात लिहून ठेवतो, समोरच्याकडून तोच आकडा वदवून घेतो आणि मग चिठ्ठी उलगडतो. पाहणाऱ्यांना त्यात मन ओळखण्याची विद्या दिसते. उत्तर जुळले नाही तर तो दुसरा प्रश्न पुढे करतो आणि पहिली चिठ्ठी खिशातच राहते. हा प्रकार करमणुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा वाटतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तो तसा सोडून देता येत नाही. ज्या साधनांच्या आधारे तो गेल्या दीडशे वर्षांचा सामाजिक इतिहास रचतो, त्यांतील पुष्कळशी साधने अशाच झटपट दिलेल्या उत्तरांची बनलेली आहेत.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात असलेले शेलूबाजार हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. आणि बाजार म्हणजे भाव, माप, वजन, अंतर आणि वय यांविषयी तोंडातोंडी, अजमासाने बोलण्याची जागा. हा मुलूख वऱ्हाडचा. इ. स. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले व १९०३ मध्ये कारभारापुरते ते मध्यप्रांतास जोडण्यात आले. मंगरूळ तालुका त्या वेळच्या वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडला, तेव्हा हा तालुका अकोला जिल्ह्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. कारभाराच्या सीमा अशा बदलत राहिल्या तरी प्रत्येक कारभाराने येथील माणसांना एक प्रश्न न चुकता विचारला : तुमचे वय काय? त्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांत जे साम्य आढळते त्याचा आणि ‘सात’ या उत्तरातील साम्याचा संबंध काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सर्वांचे उत्तर एकच येणे ही गोष्ट दोन अगदी भिन्न कारणांनी घडू शकते. देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ साली दाखवून दिलेला चमत्कार पहिल्या प्रकारचा आहे. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. आणि येणाऱ्या बाकीवर हीच क्रिया पुनः पुन्हा करावी. ३५२४ ही संख्या घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक जण ६१७४ या संख्येवरच येतो. येथे उत्तर जुळते ते गणिताच्या सक्तीने. मनुष्य कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, घाईत की सवडीत, याने काही फरक पडत नाही. ‘सात’ या उत्तरामागे अशी कोणतीही सक्ती नाही. तेथे उत्तर देणारा मोकळा असतो, आणि मोकळा असूनही तो इतरांसारखेच उत्तर देतो. म्हणून हा दुसरा प्रकार अधिक गूढ आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचाही.

या दुसऱ्या प्रकाराचा पद्धतशीर शोध फ्रान्सिस गाल्टन याने स्वतःवर केलेल्या प्रयोगांपासून सुरू झाला असे म्हणता येईल. १८७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने ७५ शब्दांची यादी चार वेगवेगळ्या प्रसंगी पाहिली व प्रत्येक शब्दासरशी मनात काय येते ते टिपून ठेवले. एकूण ५०५ कल्पना मनात आल्या. परंतु त्यांत भिन्न अशा २८९ च निघाल्या. आपले मन स्वैर फिरते असा जो समज असतो तो गाल्टनला सोडावा लागला. मन मळलेल्या वाटांनीच फिरते असे त्याला दिसून आले. पुढे १९१० मध्ये ग्रेस केंट व आरन रोझानॉफ यांनी अमेरिकेत एक हजार लोकांना शंभर शब्द ऐकवून प्रत्येकाला सुचणारा पहिला शब्द नोंदविला. तेव्हा वाटा केवळ एकट्याच्या नसून समाजाच्याही असतात, हे सिद्ध झाले. ‘मेज’ या अर्थाच्या शब्दाला ‘खुर्ची’ हे उत्तर शेकडो जणांनी दिले. त्यांनी एकमेकांना विचारले नव्हते. त्यांची भाषा आणि त्यांची घरे सारखी होती, एवढेच.

या साम्यामुळे केवढी फसगत होऊ शकते, हे १९३७–३८ मध्ये अमेरिकेत झेनिथ या रेडिओ कंपनीच्या कार्यक्रमांवरून दिसले. ध्वनिक्षेपण केंद्रात बसलेली माणसे दोहोंपैकी एका चिन्हावर मन एकाग्र करीत आणि श्रोत्यांनी ते चिन्ह ओळखून पत्राने कळवावयाचे असे. उत्तरांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली आणि काही वेळा बरोबर उत्तरांचे प्रमाण इतके वाढले की परचित्तज्ञान सिद्ध झाल्याचा पुकारा झाला. १९३८ मध्ये लुई गुडफेलो या मानसशास्त्रज्ञाने याचा उलगडा केला. पाच चिन्हांची मालिका धरली तर तिचे ३२ क्रम संभवतात; परंतु श्रोते ते सारख्या प्रमाणात निवडीत नाहीत. ओळीने पाचही चिन्हे सारखीच असलेला क्रम किंवा आळीपाळीने बदलणारा क्रम त्यांना पुरेसा ‘सहज’ वाटत नाही. ठराविक काही क्रमच त्यांना तसे वाटतात. केंद्रातून पाठविलेला क्रम योगायोगाने या आवडत्या क्रमांपैकी असला की यश मिळे. नावडता असला की अपयश येई. श्रोत्यांची मने केंद्राशी जुळलेली नव्हती. ती आपसांत जुळलेली होती.

आता ‘सात’ हाच आकडा का, हा प्रश्न राहतो. सप्तपदी, सप्तर्षी, सात वार, साता समुद्रांपलीकडचा राजपुत्र अशी मालिका सांगून या आकड्याच्या पावित्र्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु पाच हा आकडाही आपल्याकडे तितकाच मानाचा आहे. पंचामृत, पंचप्राण, पंचायत हे शब्द सर्वांच्या तोंडी असतात. असे असून पाच हे उत्तर मागे पडते. म्हणजे निव्वळ पावित्र्याने उलगडा होत नाही. मायकेल कुबोवी व जोसेफ सोत्का यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकला. प्रश्नाची मर्यादा बदलून सहा ते पंधरा यांमधील आकडा मागितला, तर साताची लोकप्रियता उतरते. उदाहरणादाखल साताचा उच्चार आधीच केला, तरी ती उतरते. उलट विशीतील संख्या मागितली तर सत्तावीस पुढे येते. सात हा आकडाच मनात दडून बसलेला असता तर असे घडले ना. यावरून दिसते ते असे की उत्तर देणारा नकळत एक अट पाळीत असतो : दिलेला आकडा मुद्दाम निवडलेला वाटू नये. एक आणि दहा ही टोके होत. पाच हा मध्य होय. दोन, चार, आठ हे समआकडे परस्परांच्या पटीतील. तीन हा नऊ व सहा यांच्याशी बांधलेला. एक ते दहा यांत कोणाशीच नाते न सांगणारा आकडा शोधू लागले की सात हाती लागतो. सहा ते पंधरा या मर्यादेत तोच सात टोकाजवळ जातो आणि त्याचे ते वैशिष्ट्य संपते. तात्पर्य, उत्तराचे बीज आकड्यात नसून प्रश्नात आहे.

हा निष्कर्ष घेऊन वऱ्हाडाकडे वळले असता एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. वऱ्हाडात १८६७ मध्ये खानेसुमारी झाली होती. पुढे १७ फेब्रुवारी १८८१ रोजी सबंध हिंदुस्थानात एकाच रात्री गणना करण्यात आली, आणि एकाच रात्रीची ही पद्धत १९३१ पर्यंत चालली. गणकाने अगोदर घरोघर जाऊन तक्ता भरावयाचा व ठरलेल्या रात्री तो पडताळावयाचा, असा क्रम होता. घरचा कर्ता पुरुष सर्वांच्या वतीने उत्तरे देई. आईचे, बायकोचे, सुनेचे, गड्याचे वय त्यालाच सांगावे लागे. जन्माची तारीख ठाऊक असणे ही त्या काळी मोजक्या घरांची मिरास होती. पत्रिका करण्याची चाल ज्या घरांत नव्हती त्यांना वय हा अंदाजाचाच विषय होता. गणक दाराशी उभा आहे, पुढची घरे बाकी आहेत आणि तो आकडा मागत आहे. ही परिस्थिती आणि ‘झटकन आकडा सांगा’ हा खेळ यांत बाह्यतः फारसे अंतर नाही.

या उत्तरांत जे साम्य आढळते ते सर्वश्रुत आहे. हिंदुस्थानच्या जुन्या खानेसुमाऱ्यांत वीस, तीस, चाळीस, पन्नास या वयांवर माणसांचे ढीग पडतात. त्याखालोखाल पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस यांवर. नंतर दोन व आठ यांनी संपणाऱ्या वयांचा क्रम लागतो. एक, तीन, सात, नऊ यांनी संपणारी वये ओस पडतात. ही विकृती इतकी मोठी होती की कोष्टके उपयोगात आणण्यापूर्वी ती विमागणितज्ञांकडून गुळगुळीत करून घ्यावी लागत. १८८१ ते १९०१ या तीन गणनांसाठी हार्डी, १९११ साठी ॲकलंड, १९२१ साठी मीकल आणि १९३१ साठी वैद्यनाथन यांनी हे काम केले. या विकृतीचे मान काढण्याची सोपी रीत जॉर्ज व्हिपल या अमेरिकन आरोग्यशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. तेवीस ते बासष्ट ही चाळीस वये घ्यावी. त्यांत शून्य व पाच यांनी संपणारी वये आठ, म्हणजे एक पंचमांश. या आठ वयांच्या माणसांच्या संख्येला पाचाने गुणून एकूण संख्येने भागावे व शंभराने गुणावे. लोक वय बिनचूक सांगत असतील तर उत्तर शंभराच्या आसपास येते. सर्वच जण शून्य किंवा पाच यांचा आश्रय करीत असतील तर पाचशे येते.

या प्रवृत्तीला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रामीण मराठीत मोजणी विसांनी होत असे. साठीच्या माणसाला तीन विसा झाल्या असे म्हणत. ‘दहा-पाच’, ‘वीस-पंचवीस’, ‘पन्नास-साठ’ हे जोडशब्द अजमास सांगण्यासाठीच भाषेत आहेत. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावे तर पुढच्या दशकापासून मागे मोजून दिलेली आहेत. म्हणजे एकोणचाळीस म्हणणारा चाळीस आधीच उच्चारून बसलेला असतो. अर्थात केवळ नावांनी सर्व उलगडा होत नाही, कारण एक्केचाळीस या नावात तशी अडचण नसूनही ते वय ओस पडते. मूळ कारण असे की चाळीस म्हणणारा मनुष्य दोन गोष्टी एकदम सांगत असतो : वयाचा अंदाज, आणि तो केवळ अंदाज आहे ही कबुली. त्रेचाळीस म्हणणे म्हणजे जे ज्ञान आपल्यापाशी नाही त्याचा आव आणणे होय. गणकाच्या तक्त्यात मात्र पहिली गोष्ट उतरली आणि दुसरी गळून पडली.

खेळातील उत्तर आणि खानेसुमारीतील उत्तर शेजारी ठेवले असता मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. त्याच माणसाला ‘कोणताही आकडा सांग’ म्हटले तर तो शून्य व पाच टाळतो आणि साताकडे जातो. ‘वय सांग’ म्हटले तर तो सात टाळतो आणि शून्य व पाच यांकडे जातो. मन तेच, घाई तीच, उत्तरे परस्परविरुद्ध. पहिला प्रश्न स्वैरपणा मागतो, दुसरा प्रामाणिक अजमास मागतो. माणसे प्रश्नाची ही मागणी बरोबर ओळखतात, आणि ती सारखीच ओळखतात म्हणून सारखी उत्तरे देतात. वयाऐवजी जन्माचे साल विचारले तर ढीग वयांवरून उठून शून्य व पाच यांनी संपणाऱ्या सालांवर जाऊन पडतात, असा लोकसंख्याशास्त्राचा सार्वत्रिक अनुभव आहे. प्रश्न सरकला की साम्यही सरकते.

महाराष्ट्रात याचा सर्वांत ठळक दाखला शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीत सापडतो. तेथे वय नव्हे, साल नव्हे, तर पुरती तारीख हवी असे. बापाला तारीख सांगता येत नसे. रकाना तर भरणे भाग होते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मूल पुऱ्या वर्षाचे धरले की प्रवेशाच्या वयाचा हिशेब सरळ होई. म्हणून गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली. काही ठिकाणी १ जुलै. गावोगावच्या शिक्षकांनी हे एकमेकांना विचारून ठरविले होते असे नाही. थॉमस शेलिंग याने १९६० साली आपल्या ग्रंथात दाखविले की परस्परांशी बोलण्याची सोय नसलेली माणसेही अनेक पर्यायांतून ठळकपणे नजरेत भरणाऱ्या एकाच पर्यायावर येऊन भेटतात. १ जून हा असाच भेटीचा बिंदू ठरला.

या उत्तराचे परिणाम मात्र खेळातल्यासारखे चिठ्ठीपाशी थांबले नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी एकाच वेळी मोठ्या संख्येने कर्मचारी सेवेतून बाहेर पडतात. सेवापुस्तकातील जन्मतारीख दुरुस्त करून घेण्यालाही काळाची मर्यादा असते. शाळेच्या पहिल्या दिवशी क्षणात दिलेले उत्तर अशा रीतीने एखाद्याच्या सेवेचे महिने किंवा वर्षे ठरविते, आणि ते खोडण्याचा अधिकार त्याला आयुष्यभर राहत नाही. ज्याच्या घरी लिहिणारे होते त्याला स्वतःची तारीख मिळाली. ज्याच्या घरी नव्हते त्याला सर्वांची तारीख मिळाली. उत्तरांतील साम्य हे अशा वेळी सामाजिक विषमतेचेही चिन्ह असते.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून जी अडचण उभी राहते ती पुराव्याच्या मूळ तत्त्वाची आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या न्यायबुद्धीत खोल रुजलेली आहे. वतनाच्या तंट्यातील महजरापासून आजच्या मौखिक इतिहासापर्यंत, अनेक साक्षीदार स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी, असा आपला युक्तिवाद असतो. परंतु गुडफेलोचे श्रोतेही स्वतंत्र होते, खानेसुमारीतील कुटुंबप्रमुखही स्वतंत्र होते, आणि १ जून लिहिणारे गुरुजीही. १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर उठलेल्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी अभ्यास केला, तेव्हा अफवांचे मूळ लोकांच्या समान भीतीत आणि परंपरेने आलेल्या समान कल्पनांत असल्याचे त्यांनी दाखविले. साक्षीदारांनी एकमेकांशी संगनमत केलेले नाही, एवढे सिद्ध करून भागत नाही. त्यांच्या उत्तरांना घटनेखेरीज दुसरा समान उगम नाही, हेही तपासावे लागते. एखाद्या गावातील पाच वृद्धांनी एखादी घटना ‘बारा वर्षे चालली’ असे सांगितले, तर तो घटनेचा पुरावा की मराठीतील ‘तप’ या शब्दाचा, हे प्रथम ठरविले पाहिजे.

यावरून अशी उत्तरे टाकाऊ ठरतात असे मात्र नव्हे. ती ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून घेतली जातात तिचा पुरावा ती नसतील, पण दुसऱ्या एका गोष्टीचा भक्कम पुरावा असतात. ब्रायन अहर्न, योर्ग बाटेन व डोरोथी क्रायन यांनी २००९ मध्ये वयांच्या या ढिगांचाच उपयोग करून निरनिराळ्या देशांतील व काळांतील अंकज्ञानाची तुलना केली. ज्या समाजांत लेखन-वाचनाची कोणतीही मोजदाद उरलेली नाही तेथेही चुकीची वये शिल्लक आहेत. आणि चुका किती आहेत यावरून त्या समाजात वय मोजण्याची गरज व सवय कितपत होती, हे कळते. गुळगुळीत करताना विमागणितज्ञांनी जे पुसले तेच सामाजिक इतिहासकाराने जपून ठेवण्यासारखे आहे.

घटनेविषयीच जाणून घ्यावयाचे असेल तर उपाय प्रश्न बदलण्याचा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखात मानमोडीची साथ म्हणत. ‘वय काय’ या प्रश्नाला ‘साठ’ म्हणणारा वृद्ध ‘मानमोडीच्या साथीत तुम्ही केवढे होता’ या प्रश्नाला पुष्कळदा अधिक नेमके सांगू शके : रांगत होतो, गुरे राखीत होतो, लग्न झाले होते. दुष्काळ, साथ, जमिनीची मोजणी, गावात नवा रस्ता येणे, या खुणांना अजमासाचा ठराविक साचा नसतो. म्हणून तेथे जुळलेल्या उत्तरांना वजन येते. दुसरा आधार विदर्भातील कोतवाल बुकाचा. गावकामगारांकरवी जन्ममृत्यूची जी नोंद घटना घडल्यानंतर लवकरच झाली, ती आठवणीतून काढलेल्या आकड्यापेक्षा स्वभावतःच वेगळी आहे. कोतवाल बुक, शाळेची नोंदवही आणि खानेसुमारीचा तक्ता या तिन्ही कागदांवर वयच असते. परंतु तिन्ही ठिकाणी प्रश्न वेगळा होता. वि. का. राजवाडे यांच्या काळापासून मराठी इतिहाससंशोधनाने कागद अस्सल आहे की नाही हे पाहण्याची शिस्त अंगी बाणविली. त्या शिस्तीला एक जोड देणे अवश्य आहे : कागद अस्सल असला तरी त्यावरील उत्तर कोणत्या प्रश्नाला, कोणाच्या समोर आणि किती घाईत दिले गेले, हेही पाहिले पाहिजे.

शेलूबाजारसारख्या गावाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला राजे व लढाया यांची साधने थोडीच मिळतील. त्याला मिळतील ती वये, अंतरे, किमती आणि ‘फार वर्षे झाली’ अशी उत्तरे. ती पुष्कळशी एकमेकांशी जुळतील. बाजारातील पाहणारा अशा वेळी चिठ्ठी पाहून थक्क होतो. अभ्यासकाने मात्र चिठ्ठी बाजूला ठेवून, सात हे उत्तर यावे असा प्रश्न कोणता होता, ते विचारले पाहिजे.